नावसाधर्म्याचा धोका : ‘एचटीटीपॉक्सी’ प्रकरणाचा अभ्यास

18 जुलै 2016 रोजी न्यूझीलंडमधील व्हेंड या कंपनीच्या सुरक्षा पथकाने वेब सर्व्हरशी संबंधित एक दोष जाहीर केला आणि त्याला ‘एचटीटीपॉक्सी’ असे नाव दिले. दुकानांच्या विक्रीव्यवहारांसाठी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या या कंपनीतील अभियंते स्कॉट गिअरी यांना तो प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीत आढळला होता. दोषाचे स्वरूप थोडक्यात असे होते : संकेतस्थळाला भेट देणारी कोणतीही अनोळखी व्यक्ती आपल्या विनंतीत एक जादा ओळ घालून, त्या संकेतस्थळाचा सर्व्हर स्वतः इतरत्र ज्या विनंत्या करतो त्या आपल्या यंत्राकडे वळवू शकत होती. त्यासाठी पासवर्ड लागत नव्हता, मेमरीतील एखादी त्रुटी हुडकावी लागत नव्हती, सर्व्हरवर काही चढवावेही लागत नव्हते. त्याच सुमारास पीएचपी, गो आणि पायथन या भाषा, अपाची आणि टॉमकॅट हे वेब सर्व्हर आणि पीएचपी चालवणारे एचएचव्हीएम यांच्या नावे सहा वेगवेगळे सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतले क्रमांक, नोंदले गेले. एकच दोष सहा ठिकाणी नोंदवावा लागला, यावरूनच तो नेमका कोणाचा हे ठरवणे किती अवघड होते याची कल्पना येते. या प्रकरणातल्या कोडची कोणतीही ओळ सुटी काढून पाहिली तर ती लिहिणाऱ्याने चूक केली असे म्हणता येत नाही, आणि स्क्रिप्टमधून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने पाहावे असे मला वाटते ते याच कारणाने.

आधी मूळ सोय समजून घेतली पाहिजे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ही व्यवस्था बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये 1979 च्या सातव्या आवृत्तीबरोबर आली. प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू झालेला प्रोग्राम, सुरू होताना तिच्या हाती मजकुराच्या ओळींची एक यादी दिली जाते. प्रत्येक ओळीत डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह आणि उजवीकडे किंमत असते. त्या प्रोसेसने पुढे दुसरी प्रोसेस सुरू केली की यादीची नक्कल तिच्याकडे जाते, मात्र लेकराने स्वतःच्या नकलेत केलेले बदल पालकाकडे परत येत नाहीत. यादीतील किंमत नेहमी मजकूरच असते, त्यामुळे संख्या, होकार-नकार, पत्ता, फाइलीचा मार्ग हे सारे तिथे एकाच रूपात दिसते. या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्या यादीत जे नसते ती आहे. अमुक ओळ शेलने (आज्ञा स्वीकारून चालवणाऱ्या प्रोग्रामने) ठेवली, व्यवस्थापकाने ठेवली, सर्व्हरने ठेवली की आणखी कोणाच्या सांगण्यावरून ती आली, याची कसलीही नोंद तिथे राहत नाही. वाचणाऱ्याला फक्त नाव आणि किंमत दिसते.

स्क्रिप्टिंग भाषांनी ही यादी अतिशय सुलभ करून दिली आहे. पायथनमध्ये ती ओएस.एन्व्हायर्न या डिक्शनरीच्या रूपात मिळते, पर्ल आणि रुबीमध्ये ती एका हॅशसारखी वापरता येते, पीएचपीमध्ये गेटएन्व्ह या फंक्शनला नाव दिले की किंमत परत येते. एका ओळीत काम होते, आणि ती ओळ लिहिताना आपण एका सामायिक जागेतून काही उचलत आहोत हे लक्षातही येत नाही.

या सामायिक जागेत दोन वेगवेगळ्या प्रथा शिरल्या. पहिली प्रथा कॉमन गेटवे इंटरफेसची, म्हणजे सीजीआयची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरबरोबर 1993 मध्ये ती आली आणि पुढे ऑक्टोबर 2004 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतील आरएफसी 3875 या दस्तऐवजात तिची रीतसर मांडणी झाली. वेब सर्व्हरने आलेली विनंती बाहेरच्या स्क्रिप्टकडे कशी सोपवावी, हा तिचा विषय होता. उत्तर साधे होते : विनंतीचा मुख्य मजकूर स्टँडर्ड इनपुटमधून, म्हणजे प्रोग्रामच्या नेहमीच्या वाचनमार्गाने, द्यायचा आणि बाकीची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरायची. विनंतीसोबत येणाऱ्या हेडरसाठी, म्हणजे नाव आणि किंमत असलेल्या माहितीच्या ओळींसाठी, नियम असा ठरला की हेडरचे नाव मोठ्या अक्षरांत न्यावे, त्यातील प्रत्येक हायफनच्या जागी अंडरस्कोअर घालावा आणि सुरुवातीला एचटीटीपी आणि एक अंडरस्कोअर हा उपसर्ग जोडावा. त्यानुसार यूझर-एजंट हा हेडर स्क्रिप्टला एचटीटीपी_यूझर_एजंट या नावाने दिसतो. हा उपसर्ग म्हणजे एक कुंपण होते. बाहेरून आलेल्या माणसाने पाथ नावाचा हेडर पाठवला तरी तो एचटीटीपी_पाथ होऊन बसतो, प्रोग्राम कुठे शोधायचे हे सांगणाऱ्या सर्व्हरच्या खऱ्या पाथला त्याचा धक्का लागत नाही. विचार शहाणपणाचा होता आणि जवळजवळ सगळीकडे तो पुरेसाही ठरला.

दुसऱ्या प्रथेचा वेबवरच्या स्क्रिप्टशी काही संबंध नव्हता. अनेक संस्थांमध्ये आतल्या यंत्रांना थेट इंटरनेटवर जाता येत नसे. त्यांना एका मध्यस्थ सर्व्हरमार्फत, म्हणजे प्रॉक्सीमार्फत जावे लागे. प्रत्येक प्रोग्रामला त्याचा पत्ता वेगळा सांगत बसण्यापेक्षा तो एकदाच एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावा आणि सर्वांनी तिथून वाचावा, अशी रीत 1990 च्या दशकात पडली. त्या व्हेरिएबलचे नाव एचटीटीपी_प्रॉक्सी. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्याने इथे तो शब्दांत सांगणे भाग आहे, कारण पुढचे बरेचसे प्रकरण त्याच भेदावर उभे आहे. हे नाव मुळात लहान रोमन अक्षरांत लिहिले जात असे. परंतु एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची नावे सर्वसाधारणपणे मोठ्या अक्षरांत असतात, म्हणून अनेक लायब्ररींनी (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचांनी) वापरकर्त्याची सोय पाहून मोठ्या अक्षरांतले नावही मान्य केले.

आता या दोन प्रथा शेजारी ठेवून पाहाव्यात. कोणी ‘प्रॉक्सी’ एवढ्याच नावाचा हेडर पाठवला तर सीजीआयच्या नियमाने त्याचे काय होईल? मोठी अक्षरे आणि सुरुवातीचा उपसर्ग लावल्यावर अक्षरशः तेच नाव तयार होते, जे आपला बाहेर जाण्याचा मार्ग ठरवण्यासाठी दुसऱ्या प्रथेतील लायब्ररी वाचतात. ज्या उपसर्गाने कुंपण घातले होते, त्याच उपसर्गाने नेमक्या या एका ठिकाणी फाटक उघडे राहिले. त्यातही प्रॉक्सी या नावाचा कोणताही प्रमाणित हेडर अस्तित्वात नाही; प्रॉक्सी-ऑथोरायझेशनसारखे लांब नावाचे हेडर आहेत, पण नुसता प्रॉक्सी नाही. त्यामुळे कोणताही प्रामाणिक ब्राउझर तो पाठवत नाही आणि रोजच्या वापरात ही टक्कर कधी घडत नाही. चुकून घडली असती तर कोणीतरी वैतागून तक्रार केली असती आणि दोष लवकर उघड झाला असता. तो झाकून राहिला, याचे एक कारण मला हे दिसते.

परिणाम समजण्यासाठी एक नेहमीची रचना घेऊ. पीएचपीत लिहिलेले एक संकेतस्थळ ग्राहकाची मागणी नोंदवते आणि मालाचा साठा तपासण्यासाठी संस्थेच्या आतल्या दुसऱ्या सेवेला विनंती करते. ही आतली विनंती साध्या एचटीटीपीवरून जाते, कारण दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात असतात आणि तिथे एन्क्रिप्शनची गरज कोणाला वाटलेली नसते. विनंतीबरोबर ओळख पटवणारी एक गुप्त किल्ली असते. हल्लेखोर संकेतस्थळाच्या त्याच पानाला भेट देतो आणि सोबत प्रॉक्सी हेडरमध्ये स्वतःच्या यंत्राचा पत्ता व पोर्ट पाठवतो. सर्व्हर नियमाप्रमाणे तो व्हेरिएबलमध्ये उतरवतो. साठा तपासणारी लायब्ररी तो वाचते, व्यवस्थापकाने ठेवलेला प्रॉक्सीचा पत्ता समजते आणि आतली विनंती, किल्लीसकट, हल्लेखोराच्या यंत्राकडे सोपवते. प्रॉक्सीला विनंती देताना संपूर्ण पत्ता लिहावा लागतो, म्हणून आतल्या सेवेचे नाव आणि मार्गही त्याच्या हाती पडतात. त्या सेवेपर्यंत त्याला स्वतःला पोहोचता येत नसले तरी बिघडत नाही. साठ्याविषयीचे उत्तर तो मनाप्रमाणे रचून परत पाठवू शकतो आणि संकेतस्थळ त्यावर विश्वास ठेवते. यातले काहीच करायचे नसेल तरी, कधीच उत्तर न देणाऱ्या पत्त्याकडे सर्व्हरला पुन्हा पुन्हा ताटकळत ठेवून त्याची क्षमता खाऊन टाकता येते.

आतली विनंती एचटीटीपीएसवरून, म्हणजे एन्क्रिप्शनसह, जात असेल तर मात्र हा मार्ग बंद होतो. त्या विनंत्यांसाठी वेगळे व्हेरिएबल वाचले जाते, त्याच्या नावाची सुरुवात एचटीटीपीएस अशी असते, आणि हेडरमधून ते नाव तयार करता येत नाही, कारण उपसर्गात ते जादा अक्षर नसते. एका अक्षराच्या फरकाने निम्मे जग सुरक्षित राहिले. ती केवळ योगायोगाची कृपा होती.

या प्रकरणाचा मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा भाग त्याचा कालक्रम आहे. 2016 मध्ये गाजलेला हा दोष पहिल्यांदा मार्च 2001 मध्ये लक्षात आला होता. पर्लच्या लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-पर्ल या लायब्ररीत रँडल श्वार्ट्झ यांनी तो दाखवला आणि तो तिथे दुरुस्तही झाला. पुढच्याच महिन्यात वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या कर्ल या साधनात तो क्रिस बेलिफ यांनी कळवला. कर्लने उपाय म्हणून या एका व्हेरिएबलचे फक्त लहान अक्षरांतले नाव स्वीकारायचे ठरवले, आणि आजही त्याच्या दस्तऐवजात हा अपवाद नोंदलेला आहे : बाकीची प्रॉक्सी व्हेरिएबल मोठ्या अक्षरांत चालतात, हे चालत नाही. युनिक्सवर हा उपाय चोख आहे, कारण तिथे लहान आणि मोठ्या अक्षरांतली नावे वेगवेगळी मानली जातात. विंडोजवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या नावांत तो भेद केला जात नाही, त्यामुळे तिथे हे संरक्षण लंगडे पडते. जुलै 2012 मध्ये रुबीच्या नेट::एचटीटीपी या लायब्ररीत प्रॉक्सीची सोय घालताना अकिरा तानाका यांच्या हा धोका आधीच ध्यानात आला आणि त्यांनी तो टाळला. 2013 मध्ये एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या आणि 2015 मध्ये अपाचीच्या विकासकांच्या चर्चेतही त्याचा उल्लेख झाला. म्हणजे पंधरा वर्षांत निदान पाच वेळा, पाच वेगवेगळ्या वर्तुळांत, जाणत्या माणसांनी ही गोष्ट पाहिली होती. प्रत्येकाने आपल्या घराचे दार लावले. दोन प्रथांची गाठ जिथे पडते, म्हणजे वेब सर्व्हर हेडरचे व्हेरिएबल करतो त्या ठिकाणी, कोणी उपाय केला नाही, कारण ते ठिकाण कोणाच्याच मालकीचे नव्हते. यात कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, परंतु या काळात नव्याने लिहिल्या गेलेल्या प्रत्येक लायब्ररीला तीच चूक पहिल्यापासून करण्याची मुभा राहिली, ही वस्तुस्थिती आहे.

पीएचपीचे उदाहरण सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे गोंधळ आणखी एका थराने वाढतो. पीएचपीच्या प्रोग्रामरला हे ठाऊक असते की _सर्व्हर नावाच्या जागतिक अ‍ॅरेमध्ये विनंतीचे हेडर मिसळलेले असतात आणि त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. खरे एन्व्हायर्नमेंट हवे असेल तर गेटएन्व्ह वापरावे, असा समज त्यामुळे रूढ होता. प्रत्यक्षात गेटएन्व्ह आधी वेब सर्व्हरशी जोडणाऱ्या थराला विचारते आणि तिथे उत्तर मिळाले नाही तरच कार्यप्रणालीच्या यादीकडे वळते. पीएचपी अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असो वा फास्टसीजीआयवर (प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस न लागणाऱ्या सीजीआयच्या सुधारित रूपावर), जेव्हा हेडरमधील मजकूर प्रोसेसच्या खऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये कधी गेलेलाच नसतो, तेव्हाही गेटएन्व्ह तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून पुढे करत असे. फंक्शनचे नाव एक सांगत होते आणि ते दुसरेच काही करत होते. पीएचपीत बाहेरच्या विनंत्यांसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी गझल ही लायब्ररी याच मार्गाने फसली. तिच्या 6.2.1 या आवृत्तीत दुरुस्ती आली ती अशी की स्क्रिप्ट कमांड लाइनवर चालत असेल तरच हे व्हेरिएबल वाचायचे. वेबवर चालत असेल तर त्याकडे पाहायचेच नाही. त्या ओळीवरच्या टिपेत लेखकांनी कारणही दिले आहे : एचटीटीपी आणि अंडरस्कोअरने सुरू होणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल खात्रीने मिळवण्याचा कोणताही विश्वासार्ह मार्ग पीएचपीत नाही.

भाषेच्या पातळीवर पीएचपीने जुलै 2016 मध्येच 5.5.38, 5.6.24 आणि 7.0.9 या आवृत्त्यांत दोन गोष्टी केल्या. गेटएन्व्हला लोकल_ओन्ली हा दुसरा पॅरामीटर मिळाला. तो खरा ठेवला की फक्त कार्यप्रणालीच्या यादीत शोध घेतला जातो. त्याखेरीज सर्व्हरच्या थराकडून एचटीटीपी_प्रॉक्सी हे एक विशिष्ट नाव मागितले गेले तर रिकामे उत्तर द्यावे, अशी अट थेट भाषेच्या गाभ्यात लिहिली गेली. एका व्हेरिएबलचे नाव भाषेच्या अंतरंगात कोरणे कोणालाच आवडत नाही, पण जगभर आधीच चालू असलेल्या लाखो स्क्रिप्ट बदलण्यापेक्षा ते अधिक जबाबदारीचे होते, असे माझे मत आहे.

पायथनमध्ये धोका बराच आक्रसलेला होता, आणि त्याचे श्रेय रचनेला जाते. पायथनचे वेब प्रोग्राम बहुधा डब्ल्यूएसजीआय या पद्धतीने चालतात. तिथेही हेडरची नावे सीजीआयच्याच नियमाने बदलली जातात, पण ती एका वेगळ्या डिक्शनरीत ठेवून प्रत्येक विनंतीला स्वतंत्रपणे दिली जातात, ओएस.एन्व्हायर्नला कोणी हात लावत नाही. विनंतीची माहिती आणि प्रोसेसची मांडणी अशा दोन वेगळ्या भांड्यांत राहिल्या की नावे सारखी असूनही टक्कर होत नाही. खऱ्या सीजीआयखाली चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मात्र दोष होता, कारण यूआरएललिब हे मॉड्यूल प्रॉक्सीची नावे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता शोधत असे, आणि रिक्वेस्ट्ससारखी लोकप्रिय लायब्ररीही ही माहिती तिथूनच घेत असे. दुरुस्तीनंतरचा नियम असा आहे की एन्व्हायर्नमेंटमध्ये रिक्वेस्ट_मेथड हे व्हेरिएबल असेल, तर आपण सीजीआयखाली आहोत असे समजून मोठ्या अक्षरांतील एचटीटीपी_प्रॉक्सी दुर्लक्षित करावे. पर्ल आणि रुबीने हीच खूण आधीपासून वापरली होती; त्यांनी अशा प्रसंगासाठी सीजीआय_एचटीटीपी_प्रॉक्सी असे निराळे नावही ठरवून दिले, ज्याची सुरुवातच वेगळी असल्याने ते हेडरमधून घडवता येत नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी उपाय याहून सोपा होता आणि माझ्या मते तोच खरा उपाय होता : प्रॉक्सी हा हेडर वेशीवरच टाकून द्यायचा. त्याचा कोणताही प्रमाणित उपयोग नसल्याने तो काढल्याने कोणाचे काही अडत नाही. अपाचीत हेडर मॉड्यूलच्या एका ओळीने तो लवकरच्या टप्प्यावर काढता येतो, आणि डिसेंबर 2016 च्या 2.4.25 या आवृत्तीपासून अपाची स्वतःच त्याचे व्हेरिएबल बनवत नाही. एन्जिनएक्समध्ये फास्टसीजीआयकडे जाणाऱ्या पॅरामीटरांत हे नाव रिकाम्या किमतीने लिहावे लागते. इथे एक बारकावा सांगितलाच पाहिजे. एन्जिनएक्समध्ये हे पॅरामीटर वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर तेव्हाच उतरतात, जेव्हा खालच्या पातळीवर त्या प्रकारची एकही ओळ नसते. म्हणून ही ओळ सर्व्हरच्या भागात लिहिली आणि आतल्या लोकेशनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या ठरावीक मार्गांसाठीच्या, भागात दुसरा एखादा फास्टसीजीआय पॅरामीटर असला, तर आपली ओळ निमूटपणे निष्प्रभ होते. कॉन्फिगरेशन बरोबर दिसते, तपासणी करणारी आज्ञा तक्रार करत नाही, आणि दार उघडेच राहते. सर्व लोकेशन जी सामायिक फाइल आत घेतात, तिच्यात ही ओळ ठेवणे हा त्यावरचा मार्ग आहे.

याच सामायिक जागेने एचटीटीपॉक्सीच्या दोन वर्षे आधी याहून मोठा घात केला होता. सप्टेंबर 2014 मधील शेलशॉक प्रकरणात बॅश हा शेल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या किमतीत फंक्शनची व्याख्या दिसली की ती वाचून घेत असे आणि व्याख्येनंतरचा मजकूर आज्ञा म्हणून चालवत असे. यूझर-एजंट हेडरमधून असा मजकूर सीजीआयमार्गे आत पाठवता येत होता. तिथे किंमत घातक होती, इथे नाव घातक ठरले. म्हणून आलेल्या किमतीची कितीही कसोशीने छाननी केली तरी एचटीटीपॉक्सी थांबत नाही, कारण प्रॉक्सीचा पत्ता म्हणून आलेली किंमत पूर्णपणे योग्य स्वरूपाची असते.

नवी स्क्रिप्ट लिहिताना या प्रकरणातून मी स्वतः काही सवयी उचलल्या आहेत. एन्व्हायर्नमेंट फक्त एका ठिकाणी, प्रोग्राम सुरू होताना, कोणतीही विनंती हाती येण्याआधी वाचावे आणि तिथून पुढे किमती साध्या व्हेरिएबलमधून किंवा एका कॉन्फिगरेशन ऑब्जेक्टमधून द्याव्यात. अर्थात प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस सुरू करणाऱ्या जुन्या सीजीआयमध्ये हा उपाय लागू पडत नाही, कारण तिथे प्रोग्राम सुरू होतो तेव्हाच हेडर आत आलेले असतात. आपल्या प्रोग्रामच्या व्हेरिएबलना आपल्या प्रकल्पाचा उपसर्ग असावा आणि तो एचटीटीपी तर मुळीच नसावा. प्रॉक्सी हवी असेल तर तिचा पत्ता लायब्ररीला उघडपणे सांगावा, नको असेल तर नको असेही उघडपणे सांगावे. पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये सेशनच्या ट्रस्ट_एन्व्ह या गुणधर्माला नकार दिला की ती एन्व्हायर्नमेंटमधील प्रॉक्सीकडे पाहत नाही, मात्र तेव्हा नेटआरसी फाइलीतील पासवर्डही वाचले जात नाहीत, हे ध्यानात ठेवावे लागते.

आपल्या ताब्यातील सर्व्हरची परीक्षा घेणे अवघड नाही. स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर नेटकॅट हे आलेला मजकूर जसाच्या तसा दाखवणारे साधन एखाद्या मोकळ्या पोर्टवर ऐकत बसवावे. मग बाहेर साध्या एचटीटीपीवरून विनंती करणाऱ्या पानाला कर्लने भेट द्यावी आणि जादा हेडर म्हणून प्रॉक्सीच्या नावाने त्या यंत्राचा पत्ता व पोर्ट पाठवावा. नेटकॅटच्या खिडकीत संपूर्ण पत्त्यासह एक विनंती उमटली तर सर्व्हर उघडा आहे. काहीच उमटले नाही, तरी बाहेर जाणारी विनंती त्या पानावरून खरोखर झाली का हे लॉगमध्ये पाहून घ्यावे, कारण कॅशमधून उत्तर दिले गेले असेल तर शांत खिडकी काहीच सिद्ध करत नाही. विनंती झालेली दिसली आणि खिडकी तरीही रिकामी राहिली, तर वेशीवरची ओळ क्षणभर काढून तीच परीक्षा पुन्हा घ्यावी, म्हणजे संरक्षण त्या ओळीचे होते की लायब्ररीचे, हे कळते.